बाकीचे दहा कोण खेळतं?

८८वं मिनिट. स्कोअर १-१. तुमच्या मिडफिल्डरच्या पायात बॉल, डावीकडे मोकळं रान आणि तुमचा विंगर तिकडे सुटलेला. तुम्ही थ्रू बॉल मारता आणि तो पठ्ठ्या नेमका त्याच क्षणी थांबतो, वळतो आणि देवदर्शनाला निघाल्यासारखा निवांत मागे यायला लागतो. बॉल लाइनबाहेर. मग तुमच्या तोंडून जे काही निघतं ते इथे छापता येणार नाही. रात्री अकरानंतर कुठल्याही हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून चक्कर मारा, "अरे पळ की!", "कुठं चाललायस?", "तू कुणाच्या टीमचा आहेस बाबा?" हे संवाद बंद दाराआडून ऐकू येतील. ज्यांच्यावर हा सगळा राग निघतो ते समोर बसलेले नसतातच. ते तुमच्याच जर्सीतले, तुमच्याच टीममधले दहा जण असतात, ज्यांना तुम्ही त्या क्षणी खेळवत नसता.

आता एक साधं गणित करू. अल्टिमेट टीममध्ये सहा-सहा मिनिटांचे दोन हाफ असतात, म्हणजे तुमच्या घड्याळाने १२ मिनिटं. मैदानावर तुमचे अकरा. एकूण झाली १३२ मिनिटं. तुमच्या हातात एका वेळी एकच खेळाडू असतो, म्हणजे त्यातली १२ मिनिटं तुमची. उरलेली १२० मिनिटं मशीन खेळतं. तुम्ही जिंकलात तरी, हरलात तरी. एवढा मोठा हिस्सा ज्याच्या हातात आहे त्याच्याबद्दल आपल्याला माहीत काय असतं? तर तो बिनडोक आहे, एवढंच.

तो बिनडोक नाही. पण तो तुमच्यासारखा विचारही करत नाही, आणि त्याने किती विचार करावा हे कुणीतरी मुद्दाम ठरवलेलं असतं.

ईए किंवा कोनामी यांच्या गेमचा कोड बंद कुलपात असतो. पण कॉम्प्युटरने फुटबॉल कसं खेळावं याचे धडे मात्र उघड्यावर आहेत. मॅट बकलंड यांचं गेममधल्या एआयवरचं एक पुस्तक २००५ मध्ये आलं. गेम प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. त्यात पाच-पाच जणांचा एक छोटा फुटबॉल गेम शून्यापासून बांधून दाखवलाय. त्यातला पहिला प्रश्न तुम्हाला गल्लीतला वाटेल: सगळेच बॉलच्या मागे धावले तर काय करायचं? पाचवी-सहावीतली पोरं फुटबॉल खेळतात तेव्हा मैदानावर एकच घोळका असतो आणि घोळक्याच्या मध्ये कुठेतरी बॉल. गेममध्ये याला उतार म्हणून दोन नियम येतात. एक, बॉलला सगळ्यात जवळ असेल त्यानेच बॉलमागे जायचं. दोन, बाकीच्या प्रत्येकाला मैदानाचा एक तुकडा 'घर' म्हणून दिलेला, काम नसेल तेव्हा त्याने घरी परतायचं.

घराचा हा नियम लक्षात ठेवा, कारण तुमच्या निम्म्या शिव्या याच नियमाला जातात. तुम्ही सेंटर बॅकला हाताने ओढून एका स्ट्रायकरच्या अंगावर नेता. मग दुसऱ्या धोक्याकडे लक्ष जातं म्हणून खेळाडू बदलता. तुम्ही सोडल्याबरोबर पहिला सेंटर बॅक मशीनच्या ताब्यात जातो. तुम्ही त्याला तिथे का नेलं होतं हे त्याला ठाऊक नसतं. त्याला फक्त एवढंच दिसतं की आपण जागेवरून भरकटलोय. तो घरी निघतो, स्ट्रायकर मोकळा सुटतो, गोल होतो. तुमच्या लेखी ही गद्दारी. त्याच्या लेखी शिस्त.

आता पुढे पळणाऱ्यांचं बघू, इथे गंमत जास्त आहे. बकलंड यांच्या त्या गेममध्ये प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानावर ठिपक्यांची एक अदृश्य जाळी पसरलेली असते. प्रत्येक ठिपक्याला मार्क मिळतात. तिथपर्यंत पास सुखरूप पोहोचेल का? तिथून गोलवर शॉट बसेल का? बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्यापासून तो ठिपका ना फार जवळ ना फार लांब, असा आहे का? ज्या ठिपक्याला सगळ्यात जास्त मार्क, तिकडे मदतनीस खेळाडू धावणार. ही तपासणी ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा होत राहते.

म्हणजे तुमचा विंगर 'पळत' नव्हता, तो मार्कांच्या मागे होता. समोरचा डिफेंडर दोन पावलं सरकला की पास अडण्याची शक्यता वाढते, त्या ठिपक्याचे मार्क घसरतात आणि दुसरा ठिपका वर येतो. तुम्ही मोकळं रान पाहिलंत, ठरवलंत आणि बटण दाबलंत. माणसाच्या मेंदूला एवढ्यासाठी पाव सेकंद तरी लागतो. त्या पाव सेकंदात त्याचा विचार बदलला होता. आजचे गेम या पाचजणी खेळापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे आहेत, त्यात ऑफसाइडची लाइन आहे, दमसास आहे, बाकी नऊ जणांच्या जागा आहेत. पण खेळताना नीट पाहिलंत तर मूळ सवय तीच दिसते: जागा जोखा, सगळ्यात बरी निवडा, बदलली की सोडा.

मग खऱ्या मैदानावर विंगर असा दगा का देत नाही? देतो की, पण कमी वेळा. कारण तो तुमच्याकडे बघत असतो. तुमचा खांदा कुठे वळला, नजर कुठे गेली, शॉटसाठी पाय मागे गेला का, यावरून त्याला कळतं की बॉल येतोय. गेममधल्या सोबत्याला तुमचं मन वाचायला एकच खिडकी आहे, तुमच्या हातातला कंट्रोलर. बटण दाबेपर्यंत तुम्ही काय करणार आहात याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून तर फिफात आणि आताच्या एफसीमध्ये बॉल पायात असताना एल-वन दाबलं की जवळचा सोबती पुढे धाव घेतो, आर-वन दाबलं की जवळ येतो. मैदानावर आपण हात उंचावून "जा, जा!" म्हणतो ना, तेच हे. स्क्रीनकडे बघून ओरडण्याचा उपयोग नाही, तुमचा आवाज एल-वनमधूनच जातो. कित्येक जण वर्षानुवर्षं खेळतात आणि या दोन बटणांना बॉल पायात असताना हातही लावत नाहीत, हे एक कोडंच आहे.

शिवाय सगळे सोबती एका साच्याचे नसतात. फिफात खूप वर्षं प्रत्येक खेळाडूला 'वर्क रेट' असायचा, हल्ल्यासाठी एक आणि बचावासाठी एक: हाय, मीडियम, लो. मेस्सीच्या कार्डावर बचावाचा रेट 'लो' असायचा. आता असा माणूस तुम्ही राइट विंगवर लावला आणि मागून तुमचा राइट बॅक एकटा पडला, तर दोष कुणाचा? पेसवाल्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी 'प्लेइंग स्टाइल' दिल्या. गोल पोचर हा डिफेंडरच्या खांद्याला चिकटून लाइनवर टपून बसणारा, होल प्लेयर मागून गुपचूप बॉक्समध्ये घुसणारा, अँकर मॅन काही झालं तरी बचावाची जागा न सोडणारा. तेच सगळं आता ई-फुटबॉलमध्ये आहे, आणि कॅन्टीनमध्ये चहा थंड होईपर्यंत मोबाइलवर ते खेळणाऱ्यांना हे शब्द पाठ असतात. पण ते शब्द म्हणजे कार्डावरची सजावट नाही. तुमचं बोट दुसऱ्या खेळाडूवर असताना तो काय करेल, हे त्यात लिहिलेलं असतं. २०२४ च्या एफसी २५ मध्ये ईएनेही वर्क रेट मोडीत काढून रोल आणले. त्याच लेफ्ट बॅकला फुलबॅक म्हणून ठेवता येतं, विंगबॅक म्हणून वर पाठवता येतं किंवा फॉल्सबॅक म्हणून मिडफिल्डमध्ये आत घेता येतं.

त्यामुळे पुढच्या वेळी लेफ्ट बॅक जागेवर सापडला नाही तर आधी टॅक्टिक्सचा स्क्रीन उघडून बघा. बऱ्याचदा तो तुमचाच हुकूम पाळत असतो.

हे झालं सोबती कसा वागतो याबद्दल. खरा वाद वेगळाच आहे, आणि तो गेली कित्येक वर्षं चाललाय: सोबत्याने चांगलं खेळावं तरी किती?

जुन्या फिफात बचाव करणं म्हणजे एक बटण दाबून धरणं. दाबलं की तुमचा डिफेंडर बॉलवाल्याच्या मागे आपोआप, लोहचुंबकासारखा जायचा. २०११ मध्ये आलेल्या फिफा १२ ने 'टॅक्टिकल डिफेंडिंग' आणलं. आता बटण धरलं तर तो समोरच्याला अंतर ठेवून अडवून धरणार. टॅकल कधी मारायचं ते तुम्ही ठरवायचं, वेगळं बटण दाबून. चुकलात तर गेलात. तेव्हा जुने खेळाडू इतके वैतागले होते की विचारू नका. पण मशीनच्या हातातलं एक काम काढून तुमच्या हातात दिलं होतं, आणि माझ्या मते तो या मालिकेतला सगळ्यात मोठा बदल होता, ग्राफिक्स गेले खड्ड्यात.

तरी पळवाट राहिलीच. आर-वन धरलं की दुसरा सोबती जाऊन दबाव टाकतो. शिवाय मशीनच्या ताब्यातले डिफेंडर पास अडवण्यात, पाय मध्ये घालण्यात इतके तयार होते की चतुर खेळाडूंनी युक्ती काढली. सेंटर बॅकना हातच लावायचा नाही. आपण एखादा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर घेऊन मध्ये फिरत राहायचं आणि खरा बचाव मशीनला करू द्यायचा. माणसापेक्षा ते कमी चुकतं. मोठ्या स्पर्धांत खेळणारेही हेच करायला लागले आणि मग ओरड सुरू झाली: समोरच्याने मला हरवलं की त्याच्या मशीनने? फिफा २० मध्ये ईएने मशीनचा बचाव ढिला केला आणि स्वतः हाताने केलेल्या टॅकलला फायदा दिला. म्हणजे सोबत्यांना, स्पष्टच बोलायचं तर, मुद्दाम थोडं मठ्ठ केलं.

सोबती हुशार करणं ही कंपनीसाठी फार मोठी अडचण नाही, उलट कमी हुशार ठेवणं अवघड आहे. त्याला बावीसच्या बावीस जणांच्या जागा माहीत असतात. बॉलचा वेग, दिशा, तो कुठे पडणार, सगळं आकड्यांत समोर असतं. त्याला मागे वळून बघावं लागत नाही. त्याचं अज्ञान, त्याचा उशीर, त्याची चुकलेली पावलं हे सगळं वरून घातलेलं असतं, आमटीत मीठ घालावं तसं. आणि ते मीठ किती घालायचं यावर दोन गिऱ्हाईकं भांडत असतात. शनिवारी मित्राकडे जाऊन चार मॅच खेळणाऱ्याला सोबती शहाणे हवेत, नाहीतर तो पाच-शून्यने हरतो आणि पुन्हा कंट्रोलर हातात घेत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याला ते मठ्ठ हवेत, म्हणजे त्याची मेहनत दिसेल.

हा दुसरा गट आता लहान राहिलेला नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, जी २०२३ मध्ये झाली, एफसी ऑनलाइन हा पदकाचा खेळ होता आणि भारताचेही खेळाडू त्यात उतरले होते. आपल्या आयएसएलने फिफा २२ वर ई-आयएसएल भरवली. जिथे पदक किंवा बक्षीस आहे तिथे मशीनच्या मालकीच्या १२० मिनिटांचा हिशेब कुणीतरी मागणारच.

तो हिशेब एकदा कोर्टातही गेला. "गेम स्क्रिप्टेड आहे, ८५व्या मिनिटाला मुद्दाम गोल खायला लावतात" हे तुम्ही ऐकलंय, बहुधा स्वतः म्हटलंयसुद्धा. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात काही खेळाडूंनी ईएवर दावा लावला: अल्टिमेट टीममध्ये खेळाची अवघडता गुपचूप बदलली जाते, म्हणजे लोकांनी जास्त पॅक विकत घ्यावेत. असं तंत्र ईएने पेटंट करून ठेवलेलं होतं, त्यामुळे संशयाला जागा होती. कंपनीचं म्हणणं, ते तंत्र फिफात वापरलेलंच नाही. कंपनीने तांत्रिक माहिती दिली, इंजिनिअरांशी बोलू दिलं आणि २०२१ मध्ये दावा लावणाऱ्यांनी तो मागे घेतला. पॅकच्या जुगाराबद्दल कंपनीला काय ऐकवायचं ते जरूर ऐकवा, त्यात माझाही सूर मिसळेल. पण ८५व्या मिनिटाच्या गोलाला मला साधी कारणं जास्त पटतात. गेममध्ये स्टॅमिना संपतो. सतत आर-वन धरून तुम्ही सोबत्यांना पळवलेलं असतं. दमलेला डिफेंडर उशिरा पोहोचतो. आणि समोरचाही शेवटी दडपण वाढवतोच की. ज्याचं वागणं आपल्याला कळत नाही त्याच्यामागे हेतू शोधण्याची माणसाची खोड जुनी आहे.

इथे 'एआय' या शब्दाचा घोळही निस्तरायला हवा. हल्ली हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, मशीन लाखो मॅच बघून शिकलंय. फिफा २२ च्या वेळी २२ खऱ्या खेळाडूंना सेन्सरचे सूट घालून पूर्ण मॅच खेळायला लावली होती आणि ८७ लाख फ्रेमची माहिती मशीन लर्निंगला दिली, असं ईएने सांगितलं. ते खरं, पण त्या शिकवणीचा जोर मुख्यतः शरीर कसं हलतं यावर होता: बॉलकडे जाताना पावलं कशी पडतात, वेग कसा कमी होतो. कुठे धावायचं हा निर्णय आणि कसं धावायचं हे दिसणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. धाव सुंदर दिसते म्हणून ती शहाणपणाची असतेच असं नाही. (हे खऱ्या फुटबॉललाही लागू आहे, पण कुणाचं नाव घेत नाही.)

निर्णय शिकणारं मशीन हवं असेल तर संशोधकांकडे जावं लागतं. गूगलने २०१९ मध्ये फुटबॉलचा एक खुला गेम संशोधनासाठी उपलब्ध करून दिला आणि पुढच्या वर्षी मँचेस्टर सिटी क्लबच्या साथीने कॅगलवर त्याची स्पर्धा झाली. जगभरातल्या प्रोग्रॅमरनी आपापले बॉट पाठवले. पण नियम काय होता माहितीये? प्रत्येक बॉटने एका वेळी एकच खेळाडू चालवायचा, बाकीचे गेममधल्या ठरलेल्या नियमांनी चालणार. म्हणजे अगदी तुमचीच गत! जिंकला टेन्सेन्टचा 'वीकिक'. दहा मठ्ठ सोबत्यांना घेऊन कसं जिंकायचं, हे त्या बॉटनाही शिकावं लागलं.

याच्या अगदी उलट टोकाला रोबोकप आहे. १९९७ पासून चालणारी ही स्पर्धा, आणि २०५० पर्यंत रोबोंच्या टीमने माणसांच्या विश्वविजेत्यांना हरवायचं हे तिचं जाहीर स्वप्न. तिच्या सिम्युलेशन लीगमध्ये प्रत्येक खेळाडू हा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. त्याला फक्त नजरेच्या टप्प्यातलं, तेही थोडं धूसर दिसतं. सोबत्यांशी बोलायला मोजकी अक्षरं मिळतात. सगळं जाणणारा एकच मेंदू तिथे चालत नाही. इंजिनिअरिंगला असाल तर त्यांचं सॉफ्टवेअर खुलं आहे, प्रोजेक्टचा विषय शोधत फिरण्यापेक्षा तिकडे बघा.

आणि कोड लिहायचा नसेल, पण सोबती असणं म्हणजे काय हे कळून घ्यायचं असेल, तर एकच खेळाडू घेऊन खेळायचा मोड आहेच. फिफा ०८ मध्ये 'बी अ प्रो' आलं तेव्हापासून. अख्खी मॅच तुम्ही एकच, समजा राइट बॅक. बॉल तुमच्याकडे येतच नाही. तुम्ही बटण दाबून पास मागता, तर चुकीच्या वेळी मागितला म्हणून रेटिंग खाली. वैतागून पुढे पळालात, तर जागा सोडली म्हणून रेटिंग खाली. खऱ्या मॅचमध्ये तरी वेगळं काय होतं? नव्वदातली साठेक मिनिटंच बॉल खेळात असतो, ती बावीस जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला तीनही मिनिटं येत नाहीत. बाकी वेळ तुम्ही धावता, थांबता, वळता, परत येता. तुमचा तो विंगर करत होता तेच.

फिफा २१ पासून आणखी एक सोय आहे, 'प्लेयर लॉक'. दोन्ही स्टिक एकदम दाबा. मग बॉलवाल्याला मशीन सांभाळतं आणि तुम्ही बॉल नसलेल्या खेळाडूची धाव स्वतः घेता. भल्याभल्यांची पहिली दहा मिनिटं यात ऑफसाइडमध्येच जातात. आपण किती लवकर सुटतो, डिफेंडर कधी सरकतो आणि बॉल आलाच नाही की किती मूर्खासारखं परत यावं लागतं, हे तिथे कळतं.

प्रो क्लब्जमध्ये सगळे मित्र एकेक जागा घेऊन एकाच टीममध्ये खेळतात. फिफा ११ मध्ये गोलकीपरही माणसाला घेता यायला लागला आणि अकरा विरुद्ध अकरा माणसं अशी मॅच शक्य झाली. पण कीपर व्हायला कोण तयार असतं? गल्लीत जो उशिरा यायचा किंवा वयाने लहान असायचा त्याला गोलमध्ये उभं करायचे, ऑनलाइनही ती जागा ओस पडते. एफसी २५ मध्ये 'रश' हा पाच-पाच जणांचा मोड आला, त्यात ईएने हा प्रश्न सोडवूनच टाकला. मित्र चार घ्यायचे. कीपर मशीनचा.